वादळात घंटा कोणी वाजवली?

मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या एका खाजगी शाळेचं मागचं मैदान. धुळीच्या वादळाने पाच मिनिटांत सूर्य गिळला आणि तिसरी-चौथीची मुलं मैदानातच अडकली.

मी तेव्हा हुसेनच्या हातात होते. मी एक पितळी घंटा, लाकडी मुठीची, मुरादाबादला ओतलेली. शाळेची विजेची बेल कायम बिघडलेली, म्हणून तास बदलला की रत्नागिरीचा हुसेन मला वाजवायचा. त्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून मला बडवत धुळीत शिरला. आवाजाच्या रोखाने मुलं आली, एकमेकांचे सदरे धरून. त्याच रांगेत त्यांच्या बाई मिस नोरीन टॅफही होत्या. वाट त्याही चुकल्या होत्या.

या आयरिश बाईंचं मला फार कुतूहल. मूल चूक बोललं तरी त्या मध्येच तोडत नसत. म्हणायच्या, "आता तुझी बाजू सिद्ध कर." सफाईवाल्यांना चहाची सुट्टी मिळावी म्हणून त्या मुख्याध्यापकांशी तीन आठवडे भांडल्या आणि जिंकल्या.

दुपारी त्या अहवाल लिहायला बसल्या. हुसेन मला घेऊन दारात उभा राहिला.

"मिस, माझं नाव नका लिहू."

"का? मुलं तू आणलीस."

"माझा राहण्याचा परवाना, अकामा, अब्बासिया भागातल्या एका बकाल्याच्या, किराणा दुकानाच्या, नावावर आहे. कागदावर मी तिथे साबण विकतो. इथे सापडलो तर सरळ विमानात बसवतील."

मिसनी कागद पुढे ओढला. मग लिहिलं, "मी घंटा वाजवून मुलांना आत आणलं." हुसेनने त्यांना दुवा दिली. ते खोटं त्याच्याच भल्यासाठी होतं, आणि मागून घेतलेलं होतं. हे मी लपवणार नाही.

वर्षभराने मिस मायदेशी गेल्या. पुढचं मी हुसेनच्या मुलीच्या, अदिबाच्या, मोबाइलवर ऐकलं. गावच्या शाळेत शिक्षिका, मग शिक्षक संघटनेच्या पुढारी, मग जिल्हा परिषद, मग डब्लिनची संसद. सुरुवातीच्या भाषणांत त्या म्हणत, "कुवेतमध्ये आम्ही मुलं वाचवली." निवडणुकीत म्हणू लागल्या, "मी वाचवली." आता त्या मंत्री आहेत. खातं कामगारांचं. खोटं पहिल्यांदा दुसऱ्यासाठी बोललं जातं, मग ते आपलंच कधी होतं? माझ्या पितळी डोक्यात हा प्रश्न अजून वाजतो.

शाळेचे मालक बदलले. नव्यांनी नवी बेल बसवली, मला भंगारात काढलं आणि हुसेनला कामावरून. त्याने मला उचलून आणलं. मी आता अब्बासियात, हुसेनच्या घरी, फ्रिजवर.

अकामा महिनाअखेर संपतोय. इथली एक शाळा त्याचा अकामा स्वतःच्या नावावर घ्यायला तयार आहे. अट एकच, शाळेतल्या कामाचा दाखला. एकोणीस वर्षं राबून त्याच्याकडे दाखला आहे तो साबण विकल्याचा.

"अब्बा, आय विल राइट टू मिस टॅफ," अदिबा म्हणाली. "एक ओळ तर लिहायची आहे त्यांना."

"लिव. पन भांडू नको हां. बाई चांगली हाय."

"चांगली हाय म्हणून मंत्री झाली, आनि तुम्ही फ्रिजवर घंटा ठेवून बसलाव."

"तू लय शानी," हुसेन म्हणाला. पण ईमेल जाईपर्यंत तो तिच्या खुर्चीमागून हलला नाही.

नऊ दिवसांनी मंत्र्यांच्या कचेरीचं उत्तर आलं. बाईंना कुवेतची आठवण फार प्रिय आहे. मात्र हुसेन नावाच्या कर्मचाऱ्याची नोंद कुठेही नाही. पुरावा म्हणून त्या दिवसाच्या अहवालाची प्रत सोबत जोडली होती.

वाचकहो, मला साक्ष देता येत नाही. माझ्याकडे आवाज आहे, सही नाही. ज्याच्याकडे सही आहे त्याला तुम्ही तरी विचारा.

अदिबाने ती प्रत शेवटपर्यंत वाचली. तळाशी, मिस टॅफ यांच्याच अक्षरात, मैदानातून आत आलेल्यांची मोजणी आहे: मुलं एक्केचाळीस, मोठी माणसं दोन.

एक मिस टॅफ. दुसरं माणूस कोण, हे जुन्या शाळेने सांगितलेलं नाही, कचेरीनेही नाही. हेच विचारणाऱ्या अदिबाच्या दुसऱ्या ईमेलला आज सतरा दिवस झाले.