एकाच जीपमध्ये

राजुऱ्याच्या रस्त्यावर सिमेंटच्या ट्रकनं प्रणितची मोटरसायकल उडवल्याचं कळताच त्याची आई रीता सोयाबीनच्या वावरातून धावत सुटली. मागोमाग तिचा नवरा देवानंद. पोराची मांडी मोडली होती, पण तो शुद्धीवर होता. पलीकडे लोक ट्रकवाल्याला खाली पाडून लाथा घालत होते.

रीतानं पोराच्या तोंडावरून हात फिरवला. मग ती गर्दीत घुसली आणि त्या ट्रकवाल्याच्या अंगावर ओणवी झाली.

"आता याले कोणी हात लावाचा नाई!"

"बाई, यानंच तुह्या पोराले उडवलं," शेजारचा उमाजी ओरडला.

"मालूम हाये मले. रागही लय आला हाये. पण येशूनं मले माफ केलं, तं मी याले मरू देऊ का? उचला दोघायले!"

उमाजीनंच आपली जीप आणली. मागच्या सीटवर मध्ये रीता बसली, दोघांची डोकी दोन खांद्यांवर घेऊन.

दोघंही वाचतील, असं दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. प्रणित मात्र आईवर रागावून भिंतीकडे तोंड करून पडला.

देवानंद कधी चर्चमध्ये गेला नव्हता. बायको प्रार्थनेला जाते, हे तो चारचौघांत सांगायचंही टाळायचा. संध्याकाळी ट्रकवाल्याचा म्हातारा बाप आला आणि हात जोडून विचारू लागला, "माह्या पोराले कोणी वाचवलं, भाऊ?"

देवानंद बाकावरून उठला.

"माह्या बायकोनं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "रीता नाव हाये तिचं. येशूले मानते ती."