उरलेली लाटी

शके अठराशे पाचाच्या चैत्रात कल्याणात पटकी आली आणि आमच्या आळीतून एकच माणूस घेऊन गेली. शेजारच्या रंगूचा सहदेव. एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा. आदल्या सकाळी विहिरीवर पाणी ओढत होता, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उचलला. बाकी कुणाला ती शिवलीसुद्धा नाही. देवाला जाब विचारायची सोय असती तर मी तेव्हाच विचारला असता.

रंगूच्या आणि माझ्या परसामध्ये नुसतं काटक्यांचं कुंपण. वीस वर्षं त्या कुंपणावरून आमची भाजी, विरजण आणि भांडणं इकडून तिकडे होत होती. ती मला वहिनी म्हणायची. सहदेव गेल्यावर ती कुंपणाशी येऊन बसायची, पण बोलायची नाही. ताकाचं भांडं घेऊन मी आपली तशीच उभी राहायची.

तिला सहदेवाच्या पाठची एक मुलगी, उत्तरा. ठाण्याला नौपाड्यात दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. मागच्या खेपेला पाचव्या महिन्यात कुणीतरी तिला आत्या गेल्याचं फटकन सांगून टाकलं आणि त्याच रात्री सगळं गेलं. पोरही वाचते की नाही असं झालं होतं. त्यामुळे तिचे सासरे भेटायला आले तेव्हा ते आणि सहदेवाचे वडील हरिहरपंत आमच्या ओट्यावर बसले आणि ठरलं, की उत्तरा बाळंत होईपर्यंत तिला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही. ठरवून पुरुष उठून गेले. ते खोटं रोज सांभाळायचं कुणी, तर बायकांनी.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि तिला न्यायला सहदेवच जाणार होता. म्हणून तिला सांगितलं, दादा नोकरीच्या खटपटीला नाशकाला मामाकडे गेलाय, जरा उशीर होईल. हरिहरपंतांना जाता येईना. त्यांच्या मिशा उतरवलेल्या, डोकं तुळतुळीत. नुसते दारात उभे राहिले असते तरी पोर समजली असती.

आमचे हे ठाण्याच्या कचेरीत कारकून. रोज सकाळच्या आगगाडीने जायचे, दिवेलागणीला परत. सुतकाच्या आठव्या दिवशी त्यांनी उत्तरेचा निरोप आणला. "दादाला सवड नसेल तर नसो. आईच्या हातच्या करंज्या तेवढ्या पाठवा. नाही आल्या तर मी स्वतः गाडीत बसून कल्याणला येते."

"येईलसुद्धा," रंगू म्हणाली. "लहानपणापासून हट्टी आहे कार्टी." आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

सुतकाच्या घरात कढई चढत नाही, आणि त्या घरातल्या माणसाने शिवलेलं कुणी तोंडात घालत नाही. करंज्या रंगूच्या हातच्या हव्यात आणि रंगूने पिठाला बोट लावायचं नाही. मग ठरलं, की करायच्या मी, सांगायच्या तिने. दुसऱ्या दिवशी मी जेवणं आटोपल्यावर चूल परसात मांडली, पोळपाट-लाटणं बाहेर आणलं आणि रंगू कुंपणापलीकडे तिच्या बाजूला उकिडवी बसली.

करंज्या मलाही येतात हो. तीस वर्षं करते आहे. पण मी कडा कातण्याने कापते, आणि रंगूच्या करंजीला हाताची मुरड. बारीक, एकसारखी, वेणी घातल्यासारखी. कातण्याने कापलेली करंजी पाहिली असती तर उत्तरेने तिथेच विचारलं असतं, ही कुणी केली? म्हणून या वयात मला मुरड शिकायची वेळ आली, आणि शिकवणारीचे हात बांधलेले.

"वहिनी, कड चिमटीत धर. आता अंगठ्याने आत घाल. आत गं, खाली नव्हे."

"घालते आहे ना!"

"तुटली बघ."

तिने पदराचा काठ दोन बोटांत धरला आणि त्याला मुरड घालून दाखवली. परत दाखवली. मी लाटीकडे बघू की पदराकडे, मला कळेना. पहिल्या चार करंज्या तुपात फुटल्या, खोबरं-खसखस सगळी कढईत पसरली, तूप काळं झालं. ते गाळून घेतलं. पलीकडे रंगूची बोटं आपोआप हलत होती, हवेत मुरड घालत होती. तिचा हात एकदा कुंपणाच्या फटीतून निम्मा आत आला. तिने तो बघितला आणि मागे घेऊन मांडीखाली दाबून धरला.

मला तेव्हा असा संताप आला. त्या हाताने पोराला आठ दिवसांपूर्वी शेवटचं पाणी पाजलं होतं आणि त्याच हाताने पोरीसाठी चिमूटभर पीठ उचलायचं नाही. पण माझा संताप माझ्यापाशीच राहिला. मीसुद्धा तो हात आत ये म्हणाले नाही. माझ्या घरातही लेकरंबाळं होती, मलाही भीती होतीच.

सातव्या-आठव्या करंजीपासून मुरड जमायला लागली. दहावीला रंगू म्हणाली, "आता माझ्यासारखी झाली." वीस झाल्या. परातीत ओल्या फडक्याखाली एक लाटी उरली.

ती मुद्दाम ठेवायची असते. रंगूकडची रीत अशी, की करंज्या केल्या की त्याच पिठाचा, त्याच सारणाचा एक मोदक तळायचा. करंजी ही बहीण आणि मोदक हा तिचा भाऊ. बहिणीला एकटी पाठवायची नाही. त्या एका मोदकावरून सहदेव आणि उत्तरा लहानपणी आळी डोक्यावर घ्यायचे. उत्तरा सासरी गेल्यावर करंज्यांचा डबा सहदेवच पोचवायचा. ती सगळ्यांत आधी मोदक हुडकून काढायची आणि अर्धा मोडून त्याच्या हातावर ठेवायची. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली ती दोघं.

मी फडकं उचललं. लाटी हातात घेतली आणि रंगूकडे पाहिलं. तिने मान फिरवली होती. पाठ माझ्याकडे करून ती आपल्या विहिरीच्या रहाटाकडे बघत बसली होती.

मला वाटलं, नको म्हणते आहे. आठ दिवसांमागे मुलगा गेलेल्या बाईसमोर मी भावाचा मोदक वळत बसू? माझ्याच्याने झालं नसतं. मी लाटी परत फडक्यात गुंडाळली, आत नेऊन फडताळात ठेवली आणि चूल विझवली. खरं सांगते, मला वाटलं मी फार समंजसपणा केला. पितळी डब्यात वीस करंज्या नीट लावल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या हाती दिल्या.

त्या दिवशी हे परतले ते ओट्यावरच बसले. पागोटंही उतरवलं नाही. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिले.

"डबा दिलात ना?" मी विचारलं.

"दिला. दुपारच्या सुट्टीत गेलो. ती माझ्यासमोरच बसली, काका काका करत. डबा उघडला, एक करंजी वर धरून मुरड पाहिली आणि हसली. म्हणाली, आईचीच. मग एकेक करंजी काढून ताटात ठेवायला लागली. सगळ्या काढल्या. डब्याच्या तळाशी हात फिरवला. झाकण उलटं करून बघितलं. मला म्हणाली, काका, वाटेत कुणी काही काढलं का? मी म्हटलं, छे, तुझ्या आईने दिला तसा आणलाय."

"मग?"

"मग काही नाही. एकही करंजी खाल्ली नाही. उठली, भिंतीला धरत धरत न्हाणीत गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून थंड पाणी घेतलं. सासू ओरडत धावली, अगं काय करतेस, आत्ता अंघोळ कसली. ती घागरीवर घागर ओततच होती."

मला पुढचं सांगायला नको होतं. घरचं माणूस गेल्याचं कळलं की नेसत्या वस्त्रानिशी डोक्यावरून पाणी घेतात. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगायची गरजच राहिली नव्हती.

"रडली का?"

"नाही. ओलेत्यानेच भिंतीकडे तोंड करून बसली. मी कचेरीतून गाडीला जाताना परत डोकावलो, तर दारात माणसांची धावपळ. पोटात दुखायला लागलंय म्हणे. सुईणीला बोलावणं गेलं होतं." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "पंतांना मी सांगतो. रंगूबाईंना तू सांग."

मी परसात गेले. रंगू कुंपणाशी उभी होती. आगगाडीची शिट्टी ऐकल्यापासून उभी असणार. सहदेव गेल्यापासून पहिल्यांदा तिने केस नीट बांधले होते.

"आले ना भाऊजी? आवडल्या का तिला?"

ती माझ्याकडे बघून हसली, ओशाळल्यासारखी.

"काल मी तोंड फिरवून बसले, रागावली नाहीस ना गं, वहिनी? तू मोदक वळतेस हे मला बघवेना. म्हटलं, वहिनी करते आहे ना, आपण नाही पाहिलं तरी चालेल." तिने फटीतून हात आत घातला आणि माझा पदर धरला. सुतक होतं, ते तिलाही आठवलं नाही आणि मलाही नाही. "आज अर्धा कुणाला दिला तिने? का सगळा एकटीनेच खाल्ला?"

आत फडताळात फडक्यात गुंडाळलेली ती लाटी तशीच होती.