नऊ वाजताचा भार

शिंपीमास्तर उतारावरून तळघरात आले आणि त्यांनी जमिनीवरचं टेपचं टोक उचललं.

वायरमनला बरंच वाटलं. दुसऱ्या टोकाला धरायला माणूस नव्हता म्हणून तो मघापासून टेपवर वीट ठेवून एकटाच मोजत होता. इमारतीच्या तळघरात विजेच्या गाड्यांसाठी चार्जर बसवायचे होते आणि मुख्य पॅनेलपासून प्रत्येक जागेपर्यंत केबल किती लागेल, ते काढायचं काम त्याच्याकडे होतं.

"त्या खांबाला लावा मास्तर. अगदी बुडाशी."

मास्तरांनी लावलं.

"एकोणीस मीटर साठ," वायरमनने वाचलं आणि वहीत टिपलं. "आता पुढचा खांब."

मास्तर पुढच्या खांबाशी गेले. तिसऱ्या खांबापाशी त्यांच्या हातून टोक सुटलं आणि टेप फरशीवरून सळसळत परत आली.

"अहो, धरा की नीट! कपडे मापताना असंच सोडता का?"

"वर चला," मास्तर म्हणाले. "वहिनींना दवाखान्यात नेलं होतं."

नेलंय नाही, नेलं होतं. वायरमनने तो शेवटचा शब्द ऐकला. त्याने टेप गुंडाळली, वही खिशात घातली, पेन्सिल कानावर ठेवली आणि मग तो उतार चढू लागला. त्याच्या बायकोची लाँड्री तळमजल्यावर होती, सहा नंबरच्या गाळ्यात. तिला चक्कर आली, ती बाकावर बसली, मग आडवी झाली. लोक धावले, कोणाच्या तरी गाडीत घालून तिला नेलं. सगळे त्याला फोन लावत राहिले आणि तळघरात फोनला रेंज नव्हती. तो तेव्हा तिच्या पायाखालीच होता. सहा नंबरच्या बरोबर खाली, खांब मोजत.

त्यानंतर चार्जरचं काम आठ महिने पडून राहिलं. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. इमारतीतले बल्ब, लिफ्टचे फ्यूज, पाण्याचा पंप एवढं तो करत राहिला.

मग सामान पोचवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. तळमजल्याचा मागचा अर्धा भाग त्यांच्या गोदामाला दिलेला होता. त्यांनी सगळ्या गाड्या विजेवरच्या घ्यायचं ठरवलं होतं. सकाळची पहिली फेरी करून गाड्या साडेआठला परत येणार, दुसऱ्या फेरीचा माल भरेपर्यंत चार्ज होणार आणि साडेदहाला निघणार. त्यासाठी पाच चार्जर हवेत. महिनाअखेरीपर्यंत नक्की सांगा, नाहीतर आम्ही दुसरी जागा बघतो. गोदामात बावीस माणसं कामाला होती. ती गेली की समोरच्या चहावाल्यापासून शिंपीमास्तरांपर्यंत सगळ्यांचीच गिऱ्हाइकं तुटणार, हे इमारतीत प्रत्येकाला कळत होतं.

वायरमनने वही पुन्हा काढली. मुख्य केबलींना त्याने लॉगर लावला. छोटा डबाच तो. इमारत किती वीज ओढते ते दर मिनिटाला लिहून ठेवतो. पूर्ण एक आठवडा ठेवला आणि चार्जर कंपनीच्या इंजिनीअर मुलीला नोंदी पाठवून दिल्या.

ती आली त्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरींच्या चपलांच्या दुकानात बैठक झाली. सेक्रेटरी म्हणजे दुकानाचेच मालक. खोक्यांच्या चळतीवर त्यांनी तिचा लॅपटॉप ठेवून दिला.

"बोला मॅडम, वायरमनच्या डब्याने काय भविष्य सांगितलंय?"

"पाच हवेत ना? चार बसतात," ती म्हणाली. "इमारतीला शंभर किलोवॅटपर्यंत जाता येतं. तुमचा सगळ्यात वरचा आकडा एकाहत्तर. उरले एकोणतीस. एक चार्जर सात किलोवॅटचा."

"चार चालतील असं गोदामवाल्यांना सांगून बघू," सेक्रेटरी म्हणाले.

"मी विचारलं. नाही म्हणाले."

"मग भार वाढवून मागा!"

"मागितलाय," वायरमन म्हणाला. "वीज कार्यालय म्हणतं दीड वर्ष लागेल."

सेक्रेटरींनी कपाळावर हात मारला. मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. तिथे सात दिवसांच्या सात रेषा होत्या.

"पण काका, हे मला कळत नाहीये. रोज नऊ वाजता हा उंचवटा येतो. नऊ किलोवॅट, वीस मिनिटं, मग खाली. ऑफिसं उघडतात, लिफ्ट चालते, त्यावर हा चढतो आणि एकाहत्तर होतात. हा नसता तर बासष्ट. मग पाच आरामात बसले असते."

"तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर असतील," सेक्रेटरी म्हणाले. "सकाळी सकाळी भोकं पाडायला बसतात."

"रविवारी पण?"

रविवारची रेषा दिवसभर जमिनीला टेकलेली होती. फक्त नऊ वाजता, भर मैदानात एकटं घर असावं तसा, तो उंचवटा होता.

"रविवारी इथे चिटपाखरू नसतं," सेक्रेटरी म्हणाले. "वायरमन, तुम्हीच या इमारतीची नस न् नस ओळखता. काय आहे हे?"

वायरमन पडद्याकडे बघत होता. लॉगर त्याने स्वतः लावला होता, स्वतः तपासला होता, नोंदी स्वतः पाठवल्या होत्या. तीस वर्षं तो हेच काम करत होता. डबा सगळ्यांचं लिहितो, तसं आपलंही लिहील, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बघतो मी," तो म्हणाला.

"बघा. नाहीतर एक सुचतं," सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "राग मानू नका. सहा नंबर तसाही बंदच आहे. वहिनींच्या नावावर वीस किलोवॅट मंजूर आहेत, ते नुसते अडकून पडलेत. मीटर काढून टाकला, कागद पाठवले, तर ते इमारतीला मिळतील. गाळाही भाड्याने जाईल. एक सही लागेल तुमची."

वायरमनने कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं आणि परत ठेवली.

"बघतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मुलगी कोणाला न सांगताच आली. तिच्याकडे केबलला चिमट्यासारखं लावायचं मीटर होतं. नऊला ती पॅनेलपुढे उभी राहिली आणि एकेका गाळ्याच्या केबलला चिमटा लावत गेली. सहा नंबरला आकडा उडी मारून वर गेला.

ती वर गेली. सहा नंबरचं शटर गुडघ्याएवढं उघडं होतं आणि खालून वाफ बाहेर येत होती. तिने शटरवर टकटक केलं.

"कोण?"

"मी, काका. चार्जरवाली."

जरा वेळाने शटर वर गेलं. आत बॉयलर घरघरत होता. लांब टेबलावर एक विजार पसरलेली होती आणि वायरमनच्या हातात वाफेची इस्त्री होती. विजारीच्या एकाच पायावर दोन घड्या पडल्या होत्या.

"वाकडी झाली," तो म्हणाला. "मला येत नाही हे. ती न बघता करायची. बोलता बोलता."

मुलगी दारातच उभी राहिली. मागच्या भिंतीला दोरीवर कपडे टांगलेले होते, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी.

"तिने धुवून ठेवले होते," तो म्हणाला. "त्या दिवशीचे. त्रेचाळीस होते. विचारत आले त्यांना मी करून दिले. एक गृहस्थ सहा महिन्यांनी आले, शर्ट घालून बघितला, तर पोटावर बटण लागेना. म्हणाले, वायरमन, तुम्ही आटवलात." तो थोडं हसला. "बाकीच्यांचं कोणी आलंच नाही. पण धुतलेला कपडा तसाच पडलेला तिला खपायचा नाही. म्हणून रोज एक करायला घेतो. जमेल तसा. बहुतेक दिवशी नुसतंच पाणी तापवून बसतो."

"किती राहिलेत?"

"चौदा."

ती आत आली. बाकावर बसावं की नाही ते तिला कळेना, मग ती उभीच राहिली. तिने पिशवीतून छापलेला आलेख काढला आणि टेबलाच्या कोरड्या टोकाला पसरला.

"काका, मीटर काढायला नको. मला तुमचा भार नको आहे, मला फक्त ही नऊची वेळ हवी आहे. हे बघा. तीन वाजता इमारत सगळ्यात खाली असते. ऑफिसं सुस्तावलेली, गाड्या बाहेर. हेच जर तुम्ही तीनला केलंत, तर पाचही बसतात."

वायरमनने इस्त्री उभी केली आणि कागदावर वाकला. खरंच होतं. तीनला रेषेला चांगलाच खड्डा होता. कामाचा माणूस म्हणून त्याला तो खड्डा आवडला. इतका सोपा उपाय आपल्याला का दिसला नाही, असंही वाटलं.

"नऊला ती शटर उघडायची," तो म्हणाला.

"हं."

"आणि तीनला पाठ टेकायची. या बाकावर. अर्धा तास. तेव्हा मशीन चालवलेलं तिला चालायचं नाही. मी कधी पंप दुरुस्त करायला घेतला, ठोकाठोकी केली, तर आतून ओरडायची, अहो, तीन वाजलेत!"

बॉयलरने वाफ सोडली. मुलीने आलेखावरून नजर उचलली नाही.

वायरमनने तिच्यापुढचा कागद स्वतःकडे ओढला. पेन्सिलीने त्याने नऊच्या उंचवट्यावर सात रेघा मारल्या, एकेका दिवसाच्या, रविवारचीसुद्धा. मग खाली समासात लिहिलं: गाळा सहा, नऊ किलोवॅट, दुपारी तीन ते तीन वीस.

"चालेल का गं एवढं?"

"चालेल. पण फॉर्ममध्ये एक रकाना आहे. भार कायमचा की तात्पुरता?"

त्याने दोरीकडे बघितलं.

"चौदा दिवस धर."

तिने तात्पुरता लिहिलं.

सेक्रेटरींना त्याने एवढंच सांगितलं की उंचवटा सापडला, हलवला. मीटर काढायची सही मात्र चौदा दिवसांनी करतो. सेक्रेटरी काही विचारणार होते, पण शिंपीमास्तरांनी त्यांच्या चपलांच्या खोक्यांविषयी काहीतरी खोचक बोलून विषय मोडला.

महिनाअखेरीआधी पाच केबली ओढून झाल्या. मापं जुन्या वहीतलीच होती, एकोणीस मीटर साठसकट. जी दोन राहिली होती ती मास्तरांनी टोक धरून पुरी करून दिली. गोदामवाल्या कंपनीने पत्राने होकार दिला. आता साडेआठला पाच गाड्या उतारावरून खाली येतात, पाच हिरवे दिवे लागतात आणि नऊला इमारतीचा आकडा सत्याण्णवला जाऊन थांबतो. वायरमन तो रोज पॅनेलपुढे उभा राहून बघतो. मग पंपाकडे जातो.

दुपारी तीनला तो सहा नंबरचं शटर गुडघ्याएवढं वर करतो. एखाद्या दिवशी बॉयलर लावतो. पुष्कळदा नुसता बाकाच्या कडेला बसतो, आवाज न करता, आणि साडेतीनला शटर खाली ओढून निघतो.

याला आता अडीच महिने झाले. सेक्रेटरी अधूनमधून दारावरून जाताना विचारतात, "सहा नंबरचं झालं का?"

"होतंय," तो म्हणतो.

चौदातले पाच कपडे झाले आहेत. नऊ राहिले आहेत.