हशाची जागा

प्राचार्यांना रागावलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि सगळं कॉलेज त्यांना घाबरायचं ते नेमकं त्यामुळेच. रागावणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो कधीतरी शांत होतो. प्राचार्य मुळातच शांत असल्यामुळे ती आशा नव्हती. ते फक्त कौतुक करायचे. खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "काळजी करू नका, मी आहे ना." हात पडला की त्या मुलाला आठवड्याच्या आत टेकडीपलीकडच्या शाखेत 'विशेष संधी' मिळायची. नाही म्हणायची मोकळीक होती. फक्त नाही म्हणणाऱ्याची फीमाफी आणि वसतिगृहातली खाट एकाच दिवशी कुठंतरी गहाळ व्हायची.

नाट्यमंडळाचा मागचा सेक्रेटरी असाच कौतुकाला बळी पडला. मध्यंतरी सुट्टीत एकदा येऊन गेला. तालमीच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसला. "तिकडं नाटकबिटक असतं का रे?" कुणीतरी विचारलं. "छान असतं," तो म्हणाला. "आणि जेवण?" "छान असतं." हाच गृहस्थ पूर्वी पडद्याच्या रंगावरून दोन-दोन दिवस अबोला धरायचा. चहा पुढं केला, तर उचलण्याआधी त्यानं परवानगीसाठी दाराकडं पाहिलं. दारात कुणीच नव्हतं.

त्याच्या जागी आलेली मुलगी नावापेक्षा 'सेक्रेटरी' याच हाकेला ओ देऊ लागली होती. नाट्यमंडळ चालवणं म्हणजे कला वगैरे असते, असा तिचा समज पहिल्या आठवड्यातच गळून पडला. नाट्यमंडळ चालवणं म्हणजे सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे ते शोधणं, ती हरवली नाही असं तिघांना पटवणं आणि कुलूप तोडताना चौथ्याला लांब उभं करणं. हे सगळं ती हसत करायची. तिला धास्ती होती ती एकाच गोष्टीची. बांब्याची.

बांब्या तिचा मावसभाऊ. दारातून आत येताना आधी कपाळ येतं आणि मग माणूस, इतका उंच. फीमाफीवर शिकत होता, वसतिगृहात राहत होता. मावशीनं त्याला सोडताना तिचा हात घट्ट धरला होता. "तुझ्या जिवावर पाठवतेय गं. याला तोंड आवरत नाही." तोंड आवरत नाही अशा मुलाला नाटकात घेऊ नये, एवढी अक्कल सेक्रेटरीला होती. पण दुसऱ्या कुणाला अभिनय येत नव्हता.

नाटक एका इस्पितळाचं होतं. बांब्या डॉक्टर. एका तालमीत रोग्याचा हात हातात घेऊन तो लिहिलेलं वाक्य विसरला आणि प्राचार्यांच्या मऊ, तुपट आवाजात म्हणाला, "काळजी करू नका, मी आहे ना." रोगी झालेल्या मुलानं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि पांढरी चादर मुकाट्यानं स्वतःच्या तोंडावर ओढून घेतली.

नर्सचं काम करणारी मुलगी हसता हसता खाटेखाली गेली. दुसऱ्या दिवशी तालमीला खिडक्यांत मुलं लटकली. तिसऱ्या दिवशी खिडक्या पुरेनात. हशा इतका मोठा यायचा, की पुढची वाक्यं त्यात वाहून जायची. मग सेक्रेटरीनं बांब्याला शिस्त लावली.

"हशा आला की थांबायचं. तो ओसरल्याशिवाय बोलायचं नाही."

"पण किती थांबू, ताई? मी काय घड्याळ गिळलंय?"

"माझ्याकडं बघ. मी विंगेत उभी असते. पंजा वर, म्हणजे थांब. खाली, म्हणजे बोल."

ती जागा त्यांनी घोटून घोटून पक्की केली. हात धरला, वाक्य, चादर, पंजा वर, हशा, पंजा खाली. पुढं पुढं बांब्या झोपेतही तिथं थांबला असता.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी शिपाई निरोप घेऊन आला. प्रयोगाला प्राचार्य स्वतः येणार. पहिल्या रांगेत बसणार. फार खूश आहेत.

नर्स हळूच म्हणाली, "खूश आहेत? मग मी सामान बांधू का?"

"कुणी काही बांधत नाही," सेक्रेटरी म्हणाली. "ते वाक्य गेलं. बांब्या, ऐकतोयस ना? डॉक्टर हात धरतो, नाडी बघतो, पुढच्या खाटेकडं जातो. तोंड बंद."

"अगं, पण त्या वाक्याशिवाय नाटकात राहिलं काय?"

"तू राहशील. तेवढं बास."

हा विनोद नव्हता हे त्याला उशिरा कळलं. एरवी जिभेला हाड नसलेला तो पोरगा नुसता मान हलवत राहिला.

प्रयोग भर दुपारी होता. सभागृह शिगोशीग भरलं. पहिल्या रांगेच्या मधोमध प्राचार्य बसले, मांडीवर हात, चेहऱ्यावर कौतुक. पहिला अंक सुरळीत गेला. ते हसण्याच्या जागी हसले, गप्प बसण्याच्या जागी गप्प बसले. असा प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं, असं कुणालाही वाटलं असतं.

मग ती जागा आली.

बांब्यानं रोग्याचा हात धरला. तोंड बंद ठेवलं. नाडी बघितली. सेक्रेटरीनं विंगेत सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि तिचा पंजा वर गेला.

तिनं वर केला नाही, तो गेला. वाक्य कापलं होतं, हशाची जागा कापायची राहून गेली होती. बांब्यानं पंजा पाहिला आणि शिकवल्याप्रमाणे थांबला. तो थांबला म्हणून रोग्याच्या हातांना त्यांचं काम आठवलं. त्यानं सावकाश चादर तोंडावर ओढली.

सभागृहात टाचणी पडली असती तर दचकले असते लोक. खिडक्यांत लटकून तालमी पाहिलेलं अख्खं कॉलेज त्या रिकाम्या जागेकडं बघत होतं. प्रत्येकाला पाठ होतं तिथं काय यायला हवं. आधी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग छप्पर उडेल असा हशा उठला. पूर्वीच्या सगळ्या हशांपेक्षा मोठा, कारण या वेळी ते वाक्य प्रत्येकानं मनातल्या मनात स्वतःच म्हटलं होतं.

प्राचार्यही हसले. सगळ्यांचं हसून झालं तरी थोडा वेळ हसत राहिले.

मग पंजा खाली आला.

पडदा पडल्यावर प्राचार्य रंगमंचामागं आले. पोरं भिंतीला चिकटली. बांब्याला मात्र लपायला भिंतही पुरली नाही, सगळ्यांच्या वर त्याचं डोकं दिसतच होतं. प्राचार्य थेट त्याच्यासमोर गेले.

"वा, डॉक्टर! काही न बोलता एवढं हसवायचं म्हणजे सोपं नाही." त्यांचा उजवा हात हळूहळू वर उचलला जाऊ लागला. खांदा फार उंचावर होता, त्यामुळे वेळ लागत होता. "ती शांतता कुणाची कल्पना?"

बांब्यानं तोंड उघडलं.

"माझी," सेक्रेटरी दोघांच्या मध्ये येत म्हणाली. "तो मी हात वर केल्याशिवाय थांबतच नाही, सर. त्याला स्वतःचं काही सुचत नाही. विचारा कुणालाही."

"ताई—"

"तू गप्प. मोठी माणसं बोलताहेत."

प्राचार्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. तिचा खांदा सोयीच्या उंचीवर होता. हात तिथं उतरला, हलका, उबदार, जरासा ओलसर.

"गुणी मुलगी," ते म्हणाले. "काळजी करू नका. मी आहे ना."

सभागृहाची किल्ली तिनं मागच्या मागं, न बघता, बांब्याच्या हातात सरकवली. तो तिच्या पंजाकडं बघत तसाच उभा राहिला. हशा येऊन ओसरेपर्यंत थांबायचं, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.