सपूचा पांढरा डोळा

मांडवगण फराटा गावात ज्ञानूआबांच्या दारी मांडव घातला होता, आणि मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया नारळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणी तापलेलं लेकरू आणलं होतं, कोणी हातापायातलं बळ गेलेली सासू उचलून आणली होती. स्पीकर बोंबलत होता. मांडवाच्या तोंडाशी पुरुषभर उंचीचा फ्लेक्स, त्यावर तीन वर्षांच्या एका मुलीचा चेहरा. तिच्या उजव्या डोळ्यात लालसर ठिपका होता. डावा डोळा मात्र पांढरा, आत दिवा लावल्यासारखा पेटलेला.

अनुपमाने स्कूटी फ्लेक्सपुढेच थांबवली. तो फोटो तिनेच काढला होता.

दौंडला स्टेशनजवळ तिचा स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो तिथे काढायचे, आणि बारसं, जावळ, वाढदिवस असला की कॅमेरा गळ्यात अडकवून भीमेपलीकडच्या गावांत जायचं, असं तिचं काम. ज्ञानूआबांच्या नातीचा, सपूचा वाढदिवसही तिनेच टिपला होता. डोळा पांढरा आलाय हे तिला दिसलं होतं; फ्लॅश चमकला असेल, असं तिला वाटलं. सपूच्या आईने, सीमाने घाई केली म्हणून तिने फोटो तसाच फोनवर पाठवून दिला. फोनवरून फोनवर तो गावभर झाला, आणि कुठून तरी तेजोनाथ महाराज गावात उगवले.

महाराज आता सपूला पुढ्यात बसवून बोलत होते. "ह्यो डोळा न्हाई, माय! दार हाय दार, उघडलेलं! कॅमेरा म्हंजी यंत्र. यंत्राला खोटं बोलता येतं का? शास्त्रज्ञ कपाळाला हात लावून बसल्यात!"

कुठले शास्त्रज्ञ, हे कोणी विचारलं नाही.

महाराजांनी लाल फडकं घेतलं आणि सपूच्या उजव्या डोळ्यावरून तिरकं बांधलं. "साधा डोळा बंद. आता देवाचा डोळा बघंल." त्यांनी पेढा हवेत धरला. सपूने हात लांब करून तो बरोबर उचलला आणि तोंडात टाकला. मांडवभर हात जोडले गेले. एक बाई घुमायला लागली.

"आन् ध्यानात ठिवा," महाराजांचा आवाज खाली आला, "ह्या डोळ्यात ज्यानं औषधाचा थेंब घातला, त्याच्या घरात दिवा लावाया माणूस उरायचा न्हाई."

बायांनी लेकरं पदराखाली ओढली. अनुपमाचा असल्या शापांवर विश्वास नव्हता. तरी ती दोन पावलं मागे सरकली.

महाराजांनी गळ्यातल्या कॅमेऱ्यावरून तिला ओळखलं. "या, या! तुमच्याच हातानं देव परगट झाला. आनखी फोटू काढा, भक्तांना वाटू."

नाही म्हणायची छाती झाली नाही. तिने सपूचे फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून, लांबून. प्रत्येक फोटोत उजवा डोळा लाल आणि डावा पांढरा. फ्लॅशची चमक असती तर जागा बदलली की तीही हलली असती. ही हलत नव्हती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिने एकेक फोटो पुन्हा पाहिला.

सीमाने तिला हळूच घराच्या मागे ओढलं.

"ताई, पोर दाराच्या चौकटीला धडकती. दर बारीला डाव्याच अंगाला. दवाखान्यात न्यायचं म्हणलं तर आबा म्हणत्यात, घर बुडवती का? ह्यांची कारेगावला कंपनीत ड्यूटी, हे बी आबांम्होरं बोलत न्हाईत. मला लई भ्या वाटतं."

"कशाचं भ्या, सीमा? शापाचं?"

"शापाचं बी. आन् त्या डोळ्याचं बी."

अनुपमा तिथून निघाली ती थेट दौंडला, डोळ्यांच्या डॉक्टर सुलक्षणा यांच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी फोटो मोठे करून पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"ही मुलगी आत्ता कुठं आहे?"

"मांडवात. लोक तिच्या पाया पडतायत."

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "फ्लॅशचा उजेड बुबुळातून आत जातो. आतल्या पडद्यात रक्तवाहिन्या असतात, म्हणून तो लाल होऊन परततो. पांढरा परतला, तर आत काहीतरी आडवं आलंय. कधी नुसत्या कोनामुळंही असं दिसतं. पण इथं प्रत्येक फोटोत तोच डोळा आहे. मोतीबिंदू असेल, किंवा गाठ असेल. गाठ म्हणजे कॅन्सर. तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण गाठ असली आणि आपण थांबलो, तर आधी डोळा जातो, मग लेकरू."

अनुपमाला फडकं आणि पेढा आठवला; डोळ्यात काही आडवं आलं असेल, तर सपूला दिसलं कसं? आपला फोटो फ्लेक्सवर लावून लोक एका आजाराला उदबत्ती ओवाळत होते.

दुसऱ्या दिवशी अनुपमा आणि डॉक्टर दोघी मांडवात शिरल्या, तेव्हा फडकं बांधून झालं होतं आणि पेढा हवेत होता.

"थांबा!" अनुपमा ओरडली. आपला आवाज इतका चिरका आहे हे तिला ठाऊक नव्हतं. महाराजांचे दोन चेले तिच्या अंगावर आले. एकाने कॅमेऱ्याचा पट्टा धरून तिला मागे ओढलं. तरी ती बोलली, "आबा, ते फडकं एकदा तुमच्या डोळ्यांवर बांधा. एवढंच. मग मी जाते."

ज्ञानूआबा महाराजांकडे बघायला लागले. महाराज गरजले, "इटाळ व्हईल!"

"माझ्या नातीचं फडकं, इटाळ कसा व्हईल?" आबा म्हणाले आणि त्यांनी ते सपूच्या डोळ्यावरून सोडून आपल्या दोन्ही डोळ्यांवरून ओढून घेतलं. त्यांनी मान पेढ्याकडे वळवली. मग म्हणाले, "दिसतंय की. समदं दिसतंय. पेढा बी दिसतोय."

फडकं जाळीसारखं विरळ होतं. सपू आपल्या चांगल्या, उजव्या डोळ्यानेच पेढा उचलत होती.

गर्दीत कुजबुज उठली. महाराज उभे राहिले. "शंका घेणाराचा निर्वंश व्हईल! ह्या पोरीचा साधा डोळा हातानं झाकाल तर हात झडंल!"

डॉक्टर पुढे होणार, तेवढ्यात सीमा उठली. पुढे बसून तिने लेकीला मांडीवर घेतलं आणि आपला तळवा तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"सपू, पेढा घे गं."

सपूचा हात हवेत चाचपडला. डॉक्टरांनी पेढा तिच्या नाकासमोर धरला होता. तिने दुसरा हात लांब केला, तोही रिकामाच. मग ती घाबरून आईला बिलगली.

"आई, लाईट गेली. आई, लाईट लाव!"

भर दुपार होती. मांडवाबाहेर ऊन रणरणत होतं.

आबांच्या हातातून फडकं खाली पडलं. "देव रुसला..." महाराजांनी सुरू केलं. आबांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सूनबाई, पोरीला घे. गाडी काढाया सांगतो. कोप व्हायचा तर माझ्यावर हू दे."

तपासणीत गाठच निघाली. पुण्याला नेईपर्यंत ती एवढी वाढली होती की डोळा काढावा लागला. पण गाठ डोळ्याबाहेर गेली नव्हती. सपू वाचली. पुढे तिला खोटा डोळा बसवला; नीट बघितल्याशिवाय तो ओळखूही येत नाही. महाराजांवर पोलिसांत तक्रार झाली, आणि मांडवाच्या पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनीच साक्षी दिल्या.

ऑपरेशनच्या दिवशी आबा पुण्याच्या दवाखान्याच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसले होते. दौंडहून आलेल्या डॉक्टर सुलक्षणा शेजारी येऊन टेकल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, पोरीच्या डोळ्यात गाठ व्हती. माझं तर दोन्ही डोळं चांगलं व्हतं. मग मला कसं दिसलं न्हाई?"

"भीती घातली होती तुम्हाला, आबा. भ्यालेला माणूस प्रश्न विचारत नाही. तुम्ही फडकं बांधून बघितलंत, तेव्हा दिसलं."

अनुपमा आजही गावोगाव लेकरांचे फोटो काढते. फोटो हातात देताना ती आयांना सांगते, आणि तेच सर्वांना सांगायचं आहे: फ्लॅशच्या फोटोत लेकराचा एक डोळा लाल आणि एक पांढरा दिसला, तर नारळ फोडू नका, अंगारा लावू नका, कुणाच्या शापाला भिऊ नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लगेच न्या.