सोनामावशी आणि ‘म्हणे’

सत्यभामा चिडली की आधी गप्प व्हायची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यात पोरांनी एवढं मात्र पक्कं ओळखलं होतं. बाई ओरडतायत तोवर काही नाही. बाई गप्प झाल्या की कुणाचं तरी आता खरं नाही. त्या रविवारी उस्मानपुऱ्यातल्या सभागृहात पहिल्या रांगेत आईशेजारी बसून तिनं नवंकोरं पुस्तक उघडलं, स्वतःच्याच लेखाच्या चार ओळी वाचल्या आणि ती गप्प झाली.

पुस्तक ‘गोदाकाठ वंशावळ व इतिहास मंडळा’चं होतं. आसपासच्या गावांत कोणतं घराणं कुठून आलं, कुणी विहीर बांधली, कुणी वेस उभारली, याचा जाडजूड ग्रंथ. मंडळाचे अध्यक्ष आणि ग्रंथाचे संपादक वैजनाथराव, निवृत्त प्राध्यापक, स्वतः तिच्या घरी येऊन लेख मागून गेले होते. “सत्यभामाताई, तुमच्या वस्तीचाही इतिहास यायला हवा. आमच्याकडून ते राहूनच गेलं,” असं ते चहा पिता पिता म्हणाले होते. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं. आता त्या बरं वाटण्याचाच संताप येत होता.

लेख तिनं जीव ओतून लिहिला होता. बहात्तरच्या दुष्काळात लासूर स्टेशनच्या पुढं, त्यांच्या गावाला, तळ्याचं काम निघालं. बौद्धवस्तीतल्या बायका दिवसभर मातीच्या पाट्या वाहायच्या. एका दुपारी माती काढायच्या खाणीची दरड कोसळली आणि तिच्या आईची धाकटी बहीण सोना खाली गेली. आईनं, साळूबाईनं, नखं उखडेपर्यंत माती उकरली. आधी एक हात वर आला. तो तिनं लगेच ओळखला, कारण मनगटावरचे ते तीन हिरवे ठिपके दोघी बहिणींनी बाजारात शेजारी बसून गोंदवून घेतले होते. सोना सतरा वर्षांची होती. पुढं तळं झालं, गाव आजही त्याचं पाणी पितं, आणि सोनाचं नाव जगात कुठंही लिहिलेलं नाही.

साळूबाईला वाचता येत नव्हतं. पण बहिणीचं नाव छापून आलेलं डोळे मिटायच्या आत ऐकायचं, एवढी एकच गोष्ट तिनं लेकीकडे मागितली होती. त्यासाठी गुडघे धरून ती सभागृहाच्या पायऱ्या चढली होती.

“आलंय का गं सोनाचं नाव?” तिनं विचारलं.

“आलंय, माय.”

आलं होतंच. ग्रंथात छापलं होतं ते असं: ‘तळ्याच्या कामावर म्हणे वस्तीतल्या बायका होत्या. एके दिवशी म्हणे दरड कोसळली आणि सोना नावाची एक मुलगी म्हणे तिच्याखाली गाडली गेली. तिच्या बहिणीने म्हणे हातांनी माती उकरली.’

सत्यभामानं लिहिलेला एकही शब्द कापलेला नव्हता. वाक्यावाक्यात एक ‘म्हणे’ तेवढा खोचला होता, मीठ भुरभुरल्यासारखा. जे आपण पाहिलं नाही आणि ज्याची जबाबदारी आपल्याला घ्यायची नाही, त्याला आपण ‘म्हणे’ लावतो, हे तिनंच आठवीच्या पोरांना फळ्यावर उदाहरणं लिहून शिकवलं होतं. गावात वाघ आला म्हणे. शेजारणीला लॉटरी लागली म्हणे. आणि आता सोना मेली म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती उठली आणि थेट स्टेजमागच्या खोलीत गेली. वैजनाथराव तिथं शाल-श्रीफळांच्या पिशव्या मोजत होते.

“सर, हे ‘म्हणे’ कुणी घातलं?”

“ते होय?” ते हसले. फार गोड हसायचे. “ताई, संशोधनाची एक शिस्त असते. लेखी आधार नसला की माहिती ऐकीव धरावी लागते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

“ऐकीव? माझी आई बाहेर बसलीय. जिनं उकरलं ती. जाऊन तिला विचारा.”

“आईंविषयी आदरच आहे. पण तो मौखिक पुरावा झाला. आणि माणसाची स्मरणशक्ती, या वयात, तुम्हाला माहीतच आहे.”

सत्यभामानं पानं उलटली. तिच्या लेखाआधीचंच प्रकरण त्याच गावच्या पाटलांचं होतं. झाडाच्या फांद्यांसारखी काढलेली वंशावळ, खाली पगडीतला फोटो, आणि मग आप्पासाहेबांचं चरित्र. ती मोठ्यानं वाचू लागली. “‘दुष्काळात गाव तहानलेले असताना आप्पासाहेबांच्या स्वप्नात पांढऱ्या घोड्यावर बसलेला तेजस्वी पुरुष आला. त्याने भाल्याचे टोक जमिनीत रोवले आणि येथे पाणी आहे असे सांगितले. आप्पासाहेबांनी त्याच जागी तळे बांधले.’ सर, यात ‘म्हणे’ कुठाय?”

वैजनाथराव पुन्हा पिशव्यांकडे वळले. “ती घराण्याची परंपरा आहे. त्यांच्या कुलवृत्तांतात तसं छापलेलं आहे.”

“म्हणजे पाटलाला पडलेलं स्वप्न खरं, आणि माझ्या मावशीचं मरण ऐकीव.”

“असं टोकाचं बोलू नका.”

“मग माझा लेख काढून टाका.”

“आता कसा काढणार? छापून झालं. पुढच्या आवृत्तीत बघू आपण.” आणि शाल घेऊन ते बाहेर निघाले. पुढची आवृत्ती म्हणजे काय ते सत्यभामाला चांगलं कळत होतं. याच आवृत्तीची पाचशे पुस्तकं या लोकांच्या माळ्यावर वाळवी लागेपर्यंत पडणार होती.

कार्यक्रम सुरू झाला. दीप लागला, हार झाले, आप्पासाहेबांचा नातू विश्वजित याचा सत्कार झाला. वाळूजला त्याचा कारखाना होता आणि ग्रंथाच्या छपाईचा खर्च त्यानंच उचलला होता. मग लेखकांनी आपापल्या लेखातला थोडा भाग वाचायचा होता. सत्यभामाचं नाव पुकारलं गेलं.

माईकपर्यंत जाईस्तोवर तिनं काहीच ठरवलं नव्हतं. पुस्तक उघडल्यावर मात्र तो शब्द पुन्हा दिसला आणि तिच्या मनानं घेतलं की यांना हे ऐकवायचंच. यांच्याच सभागृहात, यांच्याच माईकवरून.

“‘तळ्याच्या कामावर म्हणे वस्तीतल्या बायका होत्या,’” तिनं वाचलं. ‘म्हणे’ तिनं असा लांबवला की मागच्या रांगेतल्यांनी माना वर केल्या. “‘एके दिवशी म्हणे दरड कोसळली. सोना नावाची एक मुलगी म्हणे तिच्याखाली गाडली गेली.’”

कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या ‘म्हणे’ला चारपाच जण हसले. बाई नकला छान करतात, असं त्यांना वाटलं असावं. सत्यभामा एकट्या वैजनाथरावांकडे बघत होती. त्यांचं हसू मावळत चाललं होतं आणि तिला जोर चढत होता. तो लेख तिनं शेवटपर्यंत तसाच वाचला, एकही ‘म्हणे’ न गाळता.

मग तिनं पान उलटलं. “आता आधीचं प्रकरण. ‘आप्पासाहेबांच्या स्वप्नात म्हणे पांढऱ्या घोड्यावर बसलेला पुरुष आला. त्याने म्हणे भाला रोवला. आप्पासाहेबांनी म्हणे तळे बांधले. आप्पासाहेब म्हणे मोठे पुण्यवान होते.’”

आता कुणी हसेना. विश्वजित खुर्चीतून उठला होता.

“ओ मॅडम, हे काय चाललंय? आमच्या आजोबांची टिंगल करताय?”

“मी कुठं टिंगल केली? एक शब्द तर लावला.”

“त्या शब्दानं सगळं खोटं वाटतंय ना.”

“वाटतंय ना?” सत्यभामा म्हणाली. “तुम्हाला एका मिनिटात कळलं. सरांना शब्द खोचताना कळलं नाही. कळलं नाही म्हणे.”

वैजनाथराव घाईघाईनं माईकजवळ आले. काहीतरी गैरसमज झालाय, मंडळ सर्वांचा सारखाच आदर करतं, पुढच्या आवृत्तीत योग्य तो बदल होईल, असं बरंच बोलले. मागं दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या, त्या त्यांच्यासाठी नव्हत्या. सत्यभामानं ग्रंथ टेबलावर आपटला, खाली उतरली, आईला हाताला धरून उठवलं आणि चहा न घेता बाहेर पडली.

दोघी रिक्षात बसल्या. सत्यभामाला आतून मोकळं वाटत होतं. कशी जिरवली. कसा तोंडाचा चंबू झाला त्या विश्वजितचा. आयुष्यभर गिळलेलं सगळं आज एकदाच बाहेर पडलं होतं. ती आईला सांगत सुटली. “बघितलंस ना, माय? आजोबांवर आलं तसा ताडकन उठला. आता कळंल त्यायला. मी सोडणार नाय, पेपरात देणार आहे मी.”

 क्रांती चौकाच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा साळूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“पाटलाच्या सपनाला तू म्हणे लावलंस, ते लई ब्येस केलंस,” ती म्हणाली. “पर आपल्या सोनाला कामून लावलंस?”

“मी नाय लावलं, माय. त्यांनी तसं छापलं होतं.”

“छापलं त्यायनी. बोललीस तू.” साळूबाई बाहेर रस्त्याकडं बघत राहिली. “आन् मानसं हासली, भामा. सोना मेली तवा बी कोनी हासलं नव्हतं.”

सत्यभामानं तोंड उघडलं. वैजनाथरावांना द्यायची उत्तरं तिच्याकडे खूप होती, विश्वजितलाही होती. पण रिक्षात त्या दोघी मायलेकीच होत्या, आणि विचारणारी माय होती.