दोन बटनांची प्रेस

कारखान्यात त्याला सगळे तुफान म्हणत. घरी चहाचा कप उचलायला पाव तास लावणारा हा गडी प्रेसवर उभा राहिला की हात दिसायचे नाहीत. डब्यांची झाकणं पाडायची ती प्रेस. पत्रा साच्याखाली सरकवायचा, दोन्ही बाजूंची बटनं दोन्ही हातांनी एकदम दाबायची, की वरचा साचा धाडकन खाली. दोन्ही हात बटनांवर असल्याशिवाय तो हलायचाच नाही. माणसाचा हात वाचावा म्हणून केलेली ती सोय. पण असल्या सोयीने कोटा पुरा होत नाही, हे फोरमनला पक्कं ठाऊक. त्याने सुताराकडून लाकडाच्या पाचरी करून घेतल्या, प्रत्येक प्रेसच्या डाव्या बटनात एकेक ठोकली, बटन कायमचं दाबलेलं ठेवलं, म्हणजे डावा हात पत्रा सरकवायला मोकळा, आणि म्हणाला, "दोन हात आहेत ना? मग दोन्ही कामाला लावा की!" सगळे हसले. तुफानही हसला होता.

त्याचा डावा हात आता मनगटापासून गेला होता.

शेजारच्या प्रेसवर त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कामाला चिकटवलं होतं तेही तुफाननेच. हात साच्यात सापडला तेव्हा सगळ्यांत आधी धावला तोच. दाजींना गाडीत घातलं आणि मग त्याच्या डोक्यात आलं, की पाचर कुणाला दिसली तर ठपका दाजींवरच येणार. त्याने ती उपटली आणि भट्टीत टाकली. त्याचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या टाकल्या. किती जीव लावून केलं पोराने! करायला गेला एक आणि झालं भलतंच.

कारण तुफानने भरपाई मागितली तेव्हा मालकाच्या वकिलाने सरळ विचारलं, "दोन्ही हात बटनांवर, मग साच्याखाली तिसरा हात कुणाचा? यानेच काहीतरी उपद्व्याप केला असणार. स्वतःच्या उपद्व्यापाला भरपाई कसली?" पाचर असती तर ती कुणी ठोकली हा प्रश्न तरी निघाला असता. आता उरला होता तो फक्त कुणाचा तरी शब्द.

"फोरमनने ठोकली होती, एवढंच सांग," बायकोने भावाला जेवायला वाढता वाढता सांगितलं. "दुसरं काही नको."

"सांगतो, ताई."

"तुझ्या दाजींकडे बघून सांग."

तो ताटाकडेच बघत राहिला. त्याच्या बायकोला सातवा लागला होता. पाचर त्यानेच जाळलेली. बोलला तर नोकरी जाणार, वर पुरावा नष्ट केला म्हणून गळ्यात दुसरं लोढणं. इकडे आड, तिकडे विहीर. तुफानला हे सगळं कळत होतं, आणि म्हणून त्याला धड रागावताही येईना. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान छातीवरचं ओझं तरी हललं असतं.

चौकशीला कामगार खात्याच्या बाई आल्या. बाई भल्या होत्या. त्यांनी तुफानला आधी खुर्ची द्यायला लावली, पाणी द्यायला लावलं. त्याने पाचरीचं सगळं सांगितलं. बाईंनी वाकून बटन नीट पाहिलं. बटन घासूनपुसून लख्ख होतं.

"पाचर आणखी कुणी पाहिली होती?" त्यांनी विचारलं.

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. मेव्हण्याने तोंड उघडलं.

"बोल ना," फोरमन अगदी मायेने म्हणाला. "घाबरतोस कशाला? मनमोकळं बोल."

मेव्हण्याने फोरमनकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "मी दाजींना उचललं. तेवढंच मला माहीत."

बाईंनी पुन्हा एकदा त्या लख्ख बटनाकडे पाहिलं. त्यांनाही काहीतरी खटकलं असावं, पण खटकलेलं अहवालात लिहिता येत नाही. त्या तुफानला म्हणाल्या, "तुम्ही रोज उभे राहायचात तसे उभे राहा. दाबून दाखवा बघू."

तुफान उठला. पाय आपोआप जागेवर पडले. उजवा तळवा उजव्या बटनावर बसला. डावी बाही डाव्या बटनाकडे गेली. पण बटन लोखंडी कड्यात खोल बसवलेलं, आणि मनगटाची गाठ त्या कड्यात शिरेना. त्याने उजवं बटन दाबलं. साचा हलला नाही. पुन्हा दाबलं. मग अंगाचा सगळा भार टाकून दाबलं.

"बघा मॅडम," फोरमन म्हणाला. "एका हाताने चालतच नाही ही."

बाईंनी मान खाली घातली आणि लिहायला सुरुवात केली. लिहिणं संपलं, कागदावर सह्या झाल्या, माणसं आपापल्या प्रेसकडे परतली, तरी तुफान दाबतच होता. शेवटी मेव्हणा पुढे झाला आणि त्याने दाजींचा हात बटनावरून सोडवला.